‘ब्रिटिशकालीन इंजिन’ ही ओळख नव्हे : माथेरानच्या निमित्ताने

१/ माथेरानच्या छोट्या गाडीचे जुने छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरू लागले की त्याखाली एक ठरलेली ओळ येते : ‘ब्रिटिशांनी बनवलेले वाफेचे इंजिन’. ओळ छोटी आहे, चूक मोठी आहे. माथेरानची मूळ वाफेची इंजिने जर्मनीत बनली. तो मार्ग मुंबईच्या एका बोहरा घराण्याच्या पैशातून उभा राहिला. आणि ‘माथेरानचे जुने इंजिन’ म्हणून दाखवले जाणारे एक इंजिन तर मुळात दार्जिलिंगचे आहे. हा थ्रेड त्या सैल ओळीविरुद्ध आहे.

२/ अशी ओळ सर्वांत जास्त फसवते ती रेल्वेपासून दूर वाढलेल्या वाचकाला. संगमनेर तालुक्यातून आजही रेल्वे जात नाही. १८७८ साली सुरू झालेला दौंड-मनमाड मार्ग तालुक्याच्या पूर्वेकडून, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव असा निघून जातो. संगमनेरच्या मुलाला वाफेचे इंजिन भेटते ते छायाचित्रातच. खातरजमा करायची तर आळेफाटा, माळशेज घाट, कल्याण असे करीत नेरळ गाठावे लागते. ज्याला वस्तू पाहता येत नाही, त्याच्यासाठी छायाचित्राखालची ओळ हीच वस्तू होऊन बसते.

३/ फलक आणि वस्तू यांत अंतर असू शकते, हे मात्र या भागात कुणाला नव्याने शिकवावे लागत नाही. श्रीरामपूर शहरातल्या रेल्वेस्थानकाचे नाव ‘बेलापूर’ आहे. फलकावर विसंबून बेलापूर गावात पोहोचलो असे समजणारा पाहुणा तिथे चुकतोच. इंजिनाच्या बाबतीतही नेमके हेच घडते.

४/ मग इंजिन ओळखावे कशावरून? पहिली खूण चाके. पुढची आधाराची चाके, मधली ओढणारी चाके आणि मागची आधाराची चाके अशा क्रमाने तीन आकडे लिहिले जातात. ०-६-० म्हणजे सहाही चाके ओढणारी; पुढेमागे आधाराचे चाक नाही. ०-४-० म्हणजे ओढणारी चारच चाके. ओढणारी चाके बाहेरून दांड्याने एकमेकांना जोडलेली असतात, म्हणून बाजूने घेतलेल्या बऱ्या छायाचित्रातही ती मोजता येतात. रंग बदलतो, क्रमांक बदलतो. चाकांची मांडणी सहसा बदलत नाही.

५/ ही साधी मोजणी किती कामाची आहे, याचे एक उदाहरण. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेल्या गाडीविषयी लिहिताना पुष्कळ जण ‘फेअरी क्वीन’चे छायाचित्र चिकटवतात. फेअरी क्वीन १८५५ सालचे, लीड्समध्ये बनलेले, बंगालकडच्या ईस्ट इंडियन रेल्वेचे इंजिन. त्याची मांडणी २-२-२, म्हणजे ओढणाऱ्या मोठ्या चाकांची एकच जोडी. जीआयपी रेल्वेची पहिली इंजिने लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीची. त्यांची मांडणी २-४-०. बोटांवर मोजता येणाऱ्या चाकांनी खोटे ठरणारे चित्र आजही ‘पहिल्या गाडीचे दुर्मिळ छायाचित्र’ म्हणून पसरत असते.

६/ आता माथेरान. नेरळ ते माथेरान हा सुमारे २१ किलोमीटरचा, दोन फूट गेजचा मार्ग १९०७ साली सुरू झाला. तो सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने उभारला. सुमारे १६ लाख रुपये खर्च झाला आणि कामाची धुरा पुत्र अब्दुल हुसेन यांनी वाहिली. चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट इतका उभा, आणि वळणे अशी की गाडीचा पुढचा डबा मागच्या डब्यातल्या प्रवाशाला समोरासमोर दिसावा.

७/ अशा वळणावर सहा चाकांचे साधे इंजिन अडते. तिन्ही आस एका ताठ चौकटीत बसवलेले असतील, तर तीव्र वळणात चाके रुळाला घासतात आणि रुळावरून उतरूही शकतात. उपाय जर्मनीत सापडला होता. सॅक्सनीच्या सरकारी रेल्वेतील क्लीन आणि लिंडनर या अभियंत्यांनी पोकळ आसाची रचना केली : आत फिरणारा गाभा, त्यावर चाकांसह पोकळ नळी. गाभा चौकटीत पक्का राहतो. नळी वळणाप्रमाणे थोडी कलते आणि बाजूला सरकते. त्यामुळे पहिली आणि तिसरी चाके वळण घेतात, आणि तरीही ओढण्याचे काम सोडत नाहीत.

८/ ही रचना असलेली चार इंजिने माथेरानसाठी ओरेनस्टाइन अँड कोपेल या कंपनीने बनवली. १८७६ साली बर्लिनमध्ये स्थापन झालेली ही कंपनी अरुंद रुळांच्या इंजिनांसाठी जगभर प्रसिद्ध होती. इंजिनांची मांडणी ०-६-०, पाण्याच्या टाक्या बॉयलरच्या दोन्ही बाजूंना. पुढे त्यांना ७३८ ते ७४१ हे क्रमांक मिळाले. त्यांतले एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल संग्रहालयात आहे. ७४० क्रमांकाचे इंग्लंडमध्ये गेले. म्हणजे ‘इंग्रजी’ म्हणून मिरवलेले हे जर्मन इंजिन विलायतेला पोहोचले ते भारतातून, आयुष्याच्या उत्तरार्धात.

९/ एक आक्षेप इथे रास्त आहे. या मार्गाच्या आणि इंजिनांच्या आखणीत एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याचा सल्ला होता. बार्शी लाइट रेल्वे उभारणारा तोच हा काल्थ्रॉप. राज्य ब्रिटिशांचे होते, परवानगीही त्यांचीच. हे सगळे मान्य करावे आणि लिहावेही. परंतु सल्ला एकाचा, पैसा दुसऱ्याचा, कारखाना तिसऱ्या देशाचा असताना पूर्ण श्रेय एकाच शब्दात राज्यकर्त्याला बहाल करणे हा आळस आहे. आळसाने लिहिलेल्या इतिहासात पहिला बळी जातो तो पदर खर्ची घालणाऱ्या स्थानिक माणसाचा. इथे तो पीरभॉयांचा गेला.

१०/ दुसरा घोटाळा अधिक मौजेचा आहे. माथेरानवरील वाफेची सेवा १९८० च्या दशकाच्या आरंभी संपली. पुढे सुमारे दोन दशकांनी वाफेच्या गाडीचे आकर्षण परत आणण्यासाठी नेरळला एक इंजिन आणले गेले : दार्जिलिंग हिमालयन रेल्वेचे ‘बी’ वर्गातील ७९४. दोन्ही मार्गांचे गेज दोन फूटच असल्याने ते इथल्या रुळांवर उभे राहू शकले. पाहणाऱ्यांनी त्यालाच ‘माथेरानचे मूळ इंजिन’ ठरवले. गेज जुळले म्हणजे घराणे जुळले, असा हा तर्क.

११/ दोघांतला फरक दहा पावलांवरून दिसतो. दार्जिलिंगच्या इंजिनाची मांडणी ०-४-०. जर्मन इंजिनाला दोन चाके जास्त. दार्जिलिंगच्या इंजिनाची टाकी घोड्याच्या पाठीवरच्या खोगिरासारखी बॉयलरवर बसलेली. जर्मन इंजिनाच्या टाक्या दोन्ही अंगांना. डोंगर सारखाच अवघड, पण उत्तरे दोन : दार्जिलिंगने चाकेच कमी ठेवून इंजिन आखूड केले, माथेरानने चाके सहा ठेवून आसांना हलते केले. ही दोन उत्तरे एकाच ओळीत मिसळली की दोन्ही ठिकाणच्या अभियंत्यांची बुद्धी पुसली जाते.

१२/ आणि ७९४ तरी ब्रिटिश आहे काय? ‘बी’ वर्गाचा आराखडा ब्रिटिश. या वर्गाची पहिली इंजिने शार्प, स्ट्युअर्ट या कंपनीने १८८९ साली बनवली. परंतु ७९४ बनले १९१७ साली, अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात. त्या वर्षी पहिले महायुद्ध पेटलेले होते आणि ब्रिटिश कारखाने युद्धाच्या कामात गुंतलेले होते. महायुद्धाची सावली बंगालच्या डोंगरापर्यंत कशी पोहोचली, हे या एका इंजिनावरून सांगता येते. ‘ब्रिटिशकालीन’ म्हटले की ती गोष्टच मरते.

१३/ ‘पाटीवर लिहिलेले असते, मग एवढा खटाटोप कशाला?’ असेही विचारले जाते. कारखान्याची पाटी हा मोलाचा पुरावा आहे, पण पाट्या हरवतात, चोरीस जातात, दुसरीकडे लावल्या जातात. बॉयलरही आयुष्यात बदलला जाऊ शकतो. शिवाय रंगवलेला ७४१ किंवा ७९४ हा रेल्वेने दिलेला क्रमांक. कारखान्याचा क्रमांक वेगळा असतो. म्हणून एक खूण पुरत नाही. गेज, चाके, टाकी, पाटी आणि कागदपत्रे एकच उत्तर देत असतील, तेव्हाच ते उत्तर लिहावे. तोवर ‘दोन फूट गेजचे, सहा चाकी, बाजूला टाक्या असलेले इंजिन’ एवढेच लिहिण्यात कमीपणा नाही.

१४/ ‘ब्रिटिशकालीन’ हा शब्द काळ सांगतो. निर्माता, खरेदीदार, कारण यांतले काहीच तो सांगत नाही. तरीही तो ओळख म्हणून खपतो, कारण वसाहतीच्या काळातील प्रत्येक यंत्र सत्ताधीशाची देणगी होती, अशी समजूत मनात घट्ट बसली आहे. गंमत अशी की साम्राज्याचा गौरव करणारे आणि त्याचा तिटकारा करणारे, दोघेही ती सारख्याच निष्ठेने जपतात.

१५/ पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या चर्चेत संगमनेरचे नाव अनेक वर्षे येत आहे. तो मार्ग येईल तेव्हा येईल. चाके मोजण्यासाठी त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढचे ‘दुर्मिळ छायाचित्र’ हाती आले की ते पुढे धाडण्याआधी तीन आकडे लिहून पाहावेत. ते खालच्या ओळीशी जुळले नाहीत, तर खोडायची ती ओळ.