हत्यारे थोडी, पण अस्सल

खंडेनवमीला शस्त्रांबरोबर हत्यारांचेही पूजन करण्याची प्रथा महाराष्ट्रात आहे. गॅरेजमधला मिस्त्री त्या दिवशी पाने-पकडी पुसून मांडतो आणि त्यांना हळदकुंकू वाहतो. मध्यमवर्गीय घरात मात्र झेंडूची माळ मोटारीलाच पडते. तिच्या डिकीतला जॅक आणि व्हील पाना वर्षानुवर्षे पिशवीबाहेर येत नाही. चाक बदलणे, एअर फिल्टर साफ करणे, बॅटरीची टोके घट्ट करणे ही साधी कामेही दुसऱ्यावर सोपवली जातात. यात पैसे जातात हे खरेच; पण त्याहून मोठी हानी कौशल्याची आणि आत्मविश्वासाची आहे.

ज्याला ही कामे स्वतः करावीशी वाटतात, त्याची पहिली परीक्षा हत्यारांच्या दुकानात होते. चकचकीत पेटीत शंभर नगांचा संच अल्प किमतीत समोर येतो आणि मोह पडतो. वास्तविक त्यातले बहुतेक नग घरच्या मोटारीला कधीच लागत नाहीत आणि जे लागतात, ते ऐन वेळी दगा देतात. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण अशा पेट्यांना तंतोतंत लागू पडते.

म्हणून खरेदीपूर्वी मोटार पाहावी, दुकान नंतर. १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तिच्याबरोबर जपानी मापेही रुळली. अशा गाड्यांना मुख्यतः १०, १२ आणि १४ चे पाने लागतात. ८ मिलिमीटर जाडीच्या ज्या बोल्टाला जपानी पद्धतीत बहुधा १२ चा पाना चालतो, त्याच जाडीच्या बोल्टाला जर्मन पद्धतीत १३ चा लागतो. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगनच्या मालकाने हे ध्यानात ठेवावे. अँबॅसिडरच्या जुन्या इंजिनाला तर इंची माप लागे. आपल्या गाडीची चार-पाच मापे कळली, की निम्मा खर्च तिथेच वाचतो.

यानंतर प्रश्न येतो दर्जाचा. क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचा, घडीव, माप स्पष्ट उमटवलेला पाना घ्यावा. शक्य असल्यास दुकानातच नटावर बसवून पाहावा. तो सैल हलत असेल तर परत करावा. सॉकेट घेताना बारा कोनांपेक्षा सहा कोनांचा श्रेयस्कर, कारण तो नटाच्या सपाट बाजूंवर जोर देतो, कडांवर नव्हे. गंजलेल्या नटावर हलका पाना घसरला, की नटाच्या कडा गोल होतात, बोटे सोलवटतात आणि पाच मिनिटांच्या कामासाठी अखेर गॅरेज गाठावे लागते. वाचवलेले पैसे दामदुपटीने जातात ते असे.

चांगल्या हत्यारासाठी परदेशी नावांच्या मागे धावण्याचे कारण नाही. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतली टपारियाची हत्यारे देशभरच्या गॅरेजांत वापरली जातात. पंजाबात जालंधर हे या उद्योगाचे मोठे केंद्र आहे. हस्त-अवजारांची केंद्रीय संस्था तिथे १९८३ मध्ये स्थापन झाली. मात्र देशी आहे एवढ्यावरच न थांबता, तोही नटावर बसवून पारखून घ्यावा. स्वदेशीचा अभिमान दर्जाच्या पायावर उभा असेल तरच टिकतो.

काटकसर कुठे करू नये, हेही जाणले पाहिजे. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरणे म्हणजे प्राणाशी खेळणे होय. गाडीच्या वजनाला पुरेसे जॅक स्टँड सपाट, कठीण जमिनीवर लावावेत आणि चाकांना अडण घालावी, मगच खाली जावे. विटांचा आधार तर कदापि घेऊ नये. दुसरे हत्यार टॉर्क रेंच. पान्याला पाइप लावून बोल्ट जोराने आवळला, तर ऑईल पॅनचे आटे जातात. वाहनपुस्तिकेत दिलेल्या बळानेच बोल्ट आवळावा आणि काम झाल्यावर रेंच सर्वांत कमी मापावर आणून ठेवावा. ब्रेक आणि एअरबॅग यांची कामे मात्र प्रशिक्षित हातांवरच सोडावीत.

तेव्हा नियम सोपा आहे. काम समोर आले, की त्यापुरते एक हत्यार घ्यावे, पण उत्तम घ्यावे. वापरानंतर ते पुसावे, पावसाळ्यात तेलाचा हात फिरवावा. अशी पेटी दोन-तीन वर्षांत भरते आणि पुढच्या पिढीपर्यंत पुरते. ज्या घरात मुलगा किंवा मुलगी वडिलांच्या हाती अचूक मापाचा पाना देते, त्या घरात श्रमप्रतिष्ठेवर वेगळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.