आधी देणी, मग वाटणी

मृत्युपत्र करून ठेवण्याची पद्धत आपल्या नोकरदार वर्गात आता रुळू लागली आहे. परंतु त्यात 'एक्झिक्युटर' म्हणून ज्याचे नाव घातले जाते, त्याला आपल्या कर्तव्याची कल्पना क्वचितच असते. थोरला जावई, निवृत्त मुख्याध्यापक किंवा बँकेतील स्नेही यांची नावे विश्वासाने घातली जातात आणि तेही हा एक मान समजून होकार देतात. कायद्याच्या दृष्टीने ही मोठी जोखीम आहे.

१९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार मृताची मालमत्ता एक्झिक्युटरकडे येते, ती केवळ त्याचा प्रतिनिधी म्हणून. मूळ मृत्युपत्र हस्तगत करणे, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत की नाहीत हे पाहणे आणि मृत्यूच्या दाखल्याच्या पुरेशा प्रती मिळविणे, ही त्याची पहिली कामे. त्यानंतर ठेवी, शेअर्स, सदनिका, येणी आणि देणी यांची यादी. ज्याला हे ओझे पेलणार नाही, त्याने कारभारात हात घालण्यापूर्वीच स्पष्ट नकार द्यावा. कायद्याने तशी मुभा ठेवली आहे.

यादी होताच घरोघरी घाई सुरू होते ती वाटणीची. बँकेतील ठेवीवर ज्याचे नाव नामनिर्देशित, तोच मालक, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः तो पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हाच निर्वाळा दिला आहे.

कायद्याने घालून दिलेला क्रम मात्र वेगळाच आहे. प्रथम अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि अखेरच्या आजारातील औषधोपचार. मग प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयात प्रमाणित करून घेण्याचा खर्च. त्यानंतर मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत राबलेल्या मजुराचे, कारागिराचे किंवा घरगड्याचे थकलेले वेतन. मग इतर देणी. आणि सर्वांत शेवटी वारस. ज्या बाईने अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची शुश्रूषा केली, तिचा पगार सावकाराच्या व मुलांच्याही आधी द्यावयाचा आहे. प्रत्यक्षात दागिन्यांची वाटणी तेराव्याला होते आणि त्या बाईला 'नंतर ये' असे सांगितले जाते.

नात्यात हिशेब कसला मागावयाचा, असा प्रश्न कोणी करील. पण प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व वर्षभरात जमाखर्च न्यायालयास सादर करावा लागतो. मालमत्तेचा गैरवापर झाल्यास नुकसान एक्झिक्युटरला स्वतः भरून द्यावे लागते. चोख हिशेब हे त्याचे संरक्षण आहे आणि भावाभावांतील वितुष्ट टाळण्याचा मार्गही तोच.

म्हणून मृत्युपत्र करणाऱ्याने त्या व्यक्तीची संमती आधी घ्यावी आणि मालमत्तेइतकीच देण्यांचीही यादी तिच्या हाती ठेवावी. माणसामागे उरते ती संपत्ती देणी फिटल्यावरच मोजावयाची असते.