मुंबई–इंदूर जवळ आले, बाग दूरच राहिले

मुंबई ते इंदूर हे सुमारे पाचशे किलोमीटरचे हवाई अंतर विमान सव्वा तासाच्या आसपास कापते. पण इंदूरच्या विमानतळावरून धार जिल्ह्यातले बाग गाठायला रस्त्याचे जे सुमारे दीडशे किलोमीटर उरतात, ते त्याच्या दुपटीहून अधिक वेळ खातात. या विसंगतीला मागासलेपण म्हणून आपण मोकळे होतो. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे.

उज्जैनचा माल भडोच बंदरात उतरत असे, ही नोंद इसवीच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. मुक्कामावाचून तो पल्ला पार होणे शक्य नव्हते, आणि मुक्काम आला की पाणी, दाणा, निवारा व दानधर्मही आला. याच टापूत पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास बागच्या वालुकाश्मात बौद्ध विहार कोरले गेले. विहाराच्या डागडुजीसाठी आणि भिक्षूंच्या निर्वाहासाठी माहिष्मतीच्या महाराज सुबंधूने गाव दिल्याचा ताम्रपट तिथेच सापडला.

पुढे २९ नोव्हेंबर १७२८ रोजी बागपासून फार दूर नसलेल्या अमझेऱ्याला चिमाजी अप्पांच्या मराठा फौजेने माळव्याचा मुघल सुभेदार गिरधर बहादुर याचा पाडाव केला. त्या मोहिमेचे यश वेगात होते, पण घोडदळाच्या वेगालाही वैरण, उतार आणि वाटाड्या लागे. म्हणून धार-देवासचे पवार मुलूख ओलांडून न जाता मुलखात रुजले.

वाट आणि वाटेवरचा मुलूख यांचे हे नाते रेल्वेने बदलले. तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये एक कोटीचे कर्ज देऊन खंडवा-इंदूर लोहमार्ग आणवला, इंदूर भरभराटले आणि धारचा पश्चिम भाग बाजूला पडला. लेफ्टनंट डेंजरफील्डने १८१८ मध्ये पाहिलेल्या बागच्या विहारांतील भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी ग्वाल्हेर दरबाराच्या काळात, १९२१ मध्ये, चित्रकार नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार आले. तोवर ओल आणि दुर्लक्ष यांनी त्यातला मोठा भाग गिळला होता. धार जिल्ह्यातून जाणाऱ्या दाहोद-इंदूर रेल्वेची पायाभरणी झाली ती थेट २००८ मध्ये.

प्रत्येक नव्या वाहनाने दोन टोके जवळ आणली आणि मधल्या गावांना अधिक लांब ढकलले. विमानाने तर मधला मुलूखच नजरेआड केला. तरीही बागचे खत्री कारागीर आजही फटकी-लोखंडाच्या रंगांनी ठसे उमटवलेले कापड नदीच्या वाहत्या पाण्यात आपटून धुतात आणि धायटीच्या फुलांसह तांब्याच्या भांड्यात उकळतात. ते कापड इंदूरपर्यंत पोचते ते रस्त्याने, आणि त्या रस्त्याचे तास विमानाच्या वेळापत्रकात कुठेच धरलेले नसतात.

विमानतळ हवेतच, आणि उड्डाणेही वाढावीत. पण अंतराचा हिशेब धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंत मांडणारे राज्य रेल्वेच्या काळातली चूक दामदुपटीने करील. तो हिशेब ठसा उमटवणाऱ्याच्या उंबरठ्यापासून मांडावा, रस्ता, बस आणि रखडलेला लोहमार्ग यांना उड्डाणाइतकाच मान द्यावा. नाहीतर मुंबईहून इंदूर आणखी जवळ येईल आणि इंदूरहून बाग होते तितकेच दूर राहील.