चाचणी कोठे झाली?

शासकीय संकेतस्थळांवर पूर्वी केवळ अर्ज असत. आता व्याज, कर, अनुदान यांची गणितेही नागरिकाच्या ब्राउझरमध्येच करता येतात. रस्ट किंवा सी++ मध्ये लिहिलेली आज्ञावली त्यासाठी वेबअसेंब्लीत रूपांतरित केली जाते. डब्ल्यूथ्रीसीने डिसेंबर 2019 मध्ये तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. सोय मोठीच आहे. परंतु ठेकेदार ‘सर्व चाचण्या उत्तीर्ण’ असे लिहून देतो, तेव्हा त्या कोठे झाल्या हे सहसा कोणी विचारीत नाही.

रस्टमधील ‘यूसाइझ’ ही संख्या आजच्या संगणकावर 64 बिटांची, तर वेबअसेंब्लीत सामान्यतः 32 बिटांची असते. अनुदानाची बेरीज पैशांत करून कोणी तीत ठेवली, तर 4,29,49,672 रुपये 95 पैशांपलीकडे आकडा पुन्हा शून्यापासून मोजला जातो. अंतिम आवृत्तीत सहसा त्याची सूचनाही मिळत नाही. ठेकेदाराच्या कार्यालयात मात्र तीच बेरीज बिनचूक येते!

उपाय खर्चिक नाही. ‘वाझम-बाइंडजेन’च्या साधनांनी प्रत्येक बदलानंतर पडद्याविना चालणाऱ्या क्रोम वा फायरफॉक्समध्ये चाचण्या आपोआप घेता येतात. तसे स्पष्ट सांगावे मात्र लागते, एरवी त्या नोडजेएसवर चालतात. आणि नागरिक काही नोडजेएसवर अर्ज भरीत नाही.

माझ्या मते ही अट निविदेतच हवी. चाचणीसंच विभागाच्या मालकीचा असावा, आणि तो विभागाच्या सर्व्हरवर, खऱ्या ब्राउझरमध्ये उत्तीर्ण झाल्याखेरीज अखेरचे देयक अदा करू नये. लेखाशाखा कुरकुर करील. पुलाच्या कामात काँक्रीटच्या ठोकळ्यांचा 28 दिवसांचा अहवाल मागताना ती कुरकुरत नाही.