मांजराचा विमानप्रवास: आधी पिंजरा, मग तिकीट

मांजर माणसांइतकेच, किंबहुना अधिकच, जागेला धरून राहते. दाराच्या चौकटी, सोफ्याचे कोपरे, घरच्यांच्या पोटऱ्या यांवर गाल घासून ते आपला गंध लावत असते आणि त्या गंधाच्या हद्दीत निर्धास्त असते. विमानप्रवासात ही हद्द काही तासांत नाहीशी होते. वर आवाजांचा मारा असतो. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात; मांजराला त्याच्या तिपटीहून उंच स्वरही ऐकू येतात. सामानाच्या ट्रॉलीची किरकिर किंवा सरकत्या पट्ट्याचा कर्कश स्वर माणसाला जाणवत नाही, पण मांजराला तो टाळता येत नाही.

तरीही बहुतेक मांजरांची भीती विमानापासून सुरू होत नाही. ती पिंजऱ्यापासून सुरू होते. वर्षातून एक-दोनदा पिंजरा माळ्यावरून खाली येतो, मांजराला धरून त्यात कोंबले जाते आणि पुढे रिक्षा, दवाखाना, सुई असा क्रम ठरलेला असतो. दोन-तीन खेपांत मांजर हा क्रम शिकते. मग माळ्यावर खडखडाट झाला तरी ते पलंगाखाली जाऊन बसते. विमानतळावर दिसणारी घबराट ही पुष्कळदा घरात तयार झालेली असते आणि ती दूर करण्याची जागाही घरच आहे. प्रवासाची तयारी म्हणजे तिकीट आणि कागदपत्रे, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. पिंजऱ्याची सवय हा तयारीचा पहिला भाग आहे आणि त्याला दिवस नव्हे, आठवडे लागतात.

भीती ओळखण्यातही गफलत होते. ओरडणारे, फिस्कारणारे, नख मारणारे मांजर घाबरले आहे हे कोणालाही कळते. पण अनेक मांजरे घाबरल्यावर गोठून जातात. अंग आक्रसलेले, शेपटी अंगाशी गुंडाळलेली, कान आडवे, बाहुल्या विस्फारलेल्या आणि आवाज मुळीच नाही, अशा मांजराला ‘शहाण्यासारखे बसले आहे’ असे प्रशस्तिपत्र मिळते. प्रत्यक्षात त्याचा ताण ओरडणाऱ्या मांजराहून कमी असेलच असे नाही. तोंड उघडून धापा टाकणे हे मात्र नेहमीच गंभीर लक्षण आहे. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. मांजर सहसा तसे करत नाही.

एवढे कळल्यावर पहिला प्रश्न उरतो तो प्रवास हवाच का, हा. नोकरी बदलली, घर हलले, कुटुंब कायमचे परदेशी निघाले, तर मांजराला सोबत नेणे योग्यच आहे. दिवाळीच्या सुट्टीत आठ-दहा दिवस गावी जायचे असेल तर मात्र मांजराला त्याच्याच घरात ठेवून, रोज येऊन खाणे-पाणी आणि लिटर पाहणारे ओळखीचे माणूस नेमणे अधिक दयाळूपणाचे ठरते. माणसाला सोबत हवी म्हणून मांजराने दोनदा विमान सोसावे, हा सौदा मांजराच्या बाजूने पाहिला तर तोट्याचा आहे. फार म्हातारी, हृदयाचा किंवा श्वासाचा विकार असलेली मांजरे आणि पर्शियनसारख्या चपट्या नाकाच्या जाती यांच्या बाबतीत तर निर्णय पशुवैद्यांशी बोलूनच घ्यावा. चपट्या नाकामुळे श्वासमार्ग आधीच अरुंद असतो. उष्णता आणि भीती यांत तो त्रास वाढतो. अनेक विमान कंपन्या अशा जातींना सामानाच्या कप्प्यात घेत नाहीत.

जायचे ठरले की पिंजरा निवडावा. केबिनमध्ये न्यायचे असेल तर पुढच्या सीटखाली मावणारी, जाळीच्या खिडक्यांची मऊ पिशवी लागते. वजनाची मर्यादा बहुधा पिशवीसह मोजली जाते, त्यामुळे मांजर आणि पिशवी दोन्ही एकत्र वजनकाट्यावर ठेवून पाहावे. सामानाच्या कप्प्यासाठी टणक प्लास्टिकचा, धातूच्या दाराचा, बोल्टने आवळलेला पिंजरा आवश्यक असतो. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना ‘आयाटा’च्या नियमावलीनुसार प्राण्याला त्यात नीट उभे राहता, वळता आणि पसरून झोपता आले पाहिजे, हवा खेळती राहिली पाहिजे आणि पाण्याचे भांडे दार न उघडता बाहेरून भरता आले पाहिजे. घरात सवय करण्यासाठी वरचे झाकण सुटे होणारा पिंजरा सर्वांत सोयीचा. मात्र प्रवास ज्या पिशवीतून किंवा पिंजऱ्यातून होणार, त्याचीच सवय शेवटी झाली पाहिजे.

ही सवय पायरीपायरीने लावायची असते. पहिल्या पायरीवर झाकण आणि दार काढून पिंजऱ्याचा तळ मांजराच्या आवडत्या कोपऱ्यात ठेवावा. आत त्याच्या अंगाचा वास लागलेली, न धुतलेली जुनी चादर घालावी आणि काही दिवस काहीच करू नये. मांजर हुंगेल, वळसा घालून जाईल, एखाद्या दुपारी आत जाऊन बसेल. दुसऱ्या पायरीवर त्याचा सर्वांत आवडता खाऊ, मग तो उकडलेल्या कोंबडीचा तुकडा असो की मासळीच्या वासाचे ओले खाद्य, आधी पिंजऱ्याजवळ, मग काठावर, मग अगदी आतल्या टोकाला ठेवावा. तिसऱ्या पायरीवर झाकण बसवावे. चौथ्या पायरीवर दार लावावे, क्षणभरासाठी बंद करावे, जाळीतून खाऊ द्यावा आणि मांजराने दाराला पंजा लावायच्या आत उघडावे. बंद दाराचा काळ सेकंदांनी वाढत मिनिटांवर न्यावा. त्यानंतर पिंजरा उचलणे, खोलीत चार पावले फिरणे, जिना, लिफ्ट, बंद गाडी, इंजिन सुरू असलेली उभी गाडी आणि शेवटी छोटी फेरी. या फेऱ्या दवाखान्याशी न संपता घराशी आणि खाऊशी संपाव्यात.

सर्व पायऱ्यांना एकच नियम लागू आहे. मांजराने आपण होऊन आत जावे. त्याला ढकलू नये. सराव जेवणाआधी, भूक असताना, काही मिनिटेच करावा आणि मांजर ताणात येण्याआधी थांबवावा. खाऊ समोर असूनही ते खात नसेल तर पायरी मोठी झाली असे समजून एक पायरी मागे यावे. घाई करून लादलेला एक प्रसंग आठवडाभराच्या सरावावर पाणी फिरवतो.

या सरावाचा उपयोग मोजूनही पाहिला गेला आहे. व्हिएन्ना येथील पशुवैद्यकीय विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २२ मांजरांपैकी निम्म्यांना सहा आठवडे पिंजऱ्याचा असाच टप्प्याटप्प्याने सराव दिला. सराव झालेल्या मांजरांमध्ये गाडीतील प्रवासात ताणाची लक्षणे कमी आढळली आणि त्यांची दवाखान्यातील तपासणीही लवकर उरकली. संख्या लहान आहे, पण ज्या उपायाला पैसा लागत नाही आणि ज्यात धोका नाही, त्याच्यासाठी एवढा आधार पुरेसा आहे.

गालाच्या गंधातील रसायनाची नक्कल असलेले फवारे बाजारात मिळतात. मांजर आत जाण्याच्या पंधरा मिनिटे आधी पिंजऱ्यात फवारल्यास काही मांजरांना त्याचा उपयोग होतो, सर्वांना सारखा नाही. औषधांच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. गुंगी आणणे म्हणजे भीती घालवणे नव्हे. पूर्वी सर्रास दिले जाणारे ॲसेप्रोमाझिन शरीर ढिले करते, रक्तदाब उतरवते, अंगाचे तापमान राखण्यात अडथळा आणते. भीती मात्र आत तशीच राहू शकते. म्हणूनच गुंगी दिलेले प्राणी विमान कंपन्या सहसा नाकारतात. याउलट गाबापेंटिन हे औषध प्रवासाच्या दीड-दोन तास आधी एकदा दिल्यास मांजरांची भीती कमी होते, असे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये प्रीगाबालिनचे द्रावण मांजरांच्या प्रवासभयासाठी मंजूर केले. यांपैकी काहीही पशुवैद्यांनी तपासून, मात्रा ठरवून दिल्याशिवाय वापरू नये. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा बदलते आणि काही मांजरे औषधाने अडखळत चालतात. म्हणून प्रवासाच्या दिवसाआधी घरी एकदा चाचणी घेणे आवश्यक असते. घरातल्या औषधांच्या डब्याला तर हातही लावू नये: पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

कागदपत्रांचा भाग देशागणिक बदलतो. देशांतर्गत प्रवासाला लसीकरणाचे पुस्तक आणि प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यांचा ताजा दाखला सहसा पुरतो. भारतात केबिनमध्ये मांजर नेण्याची मुभा मोजक्याच कंपन्या देतात. अकासा एअरने ती नोव्हेंबर २०२२ पासून सुरू केली. एका विमानात मोजकेच प्राणी घेतले जातात, त्यामुळे माणसाचे तिकीट काढण्याआधी मांजराची जागा नक्की करावी. परदेशी जायचे तर केंद्र सरकारच्या प्राणी संगरोध व प्रमाणन सेवेचा दाखला लागतो. महाराष्ट्रातील तिचे केंद्र मुंबईत आहे. युरोपीय संघात भारतातून मांजर न्यायचे असेल तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिन्यांची प्रतीक्षा असा क्रम आहे. ब्रिटनमध्ये मांजर प्रवासी केबिनमधून आणता येत नाही. ते मालवाहू कप्प्यातूनच उतरावे लागते.

पुण्या-मुंबईहून जर्मनी किंवा नेदरलँड्सला निघालेली कुटुंबे हे चार महिने तारखा मोजण्यात घालवतात आणि पिंजरा शेवटच्या आठवड्यात विकत घेतात. खरे तर नियमांनी लादलेली ही प्रतीक्षा मांजरासाठी वरदान आहे. सहा आठवड्यांचा सराव तिच्यात दोनदा बसतो. रक्ताचा नमुना ज्या दिवशी प्रयोगशाळेत जातो, त्या दिवशी पिंजरा बैठकीच्या खोलीत आलेला असावा.

प्रवासाच्या दिवशी शेवटचे हलके खाणे चार ते सहा तास आधी द्यावे. पाणी बंद करू नये. निघण्यापूर्वी लिटर वापरायला वेळ द्यावा. पिंजऱ्यात पाणी शोषणारे पॅड अंथरावे आणि दोन जास्तीचे हाताशी ठेवावेत. पुणे, नाशिक किंवा कोल्हापूरहून मुंबईचे विमान गाठणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की मांजराला मळमळ विमानापेक्षा रस्त्यावर अधिक होण्याची शक्यता असते. खंडाळ्याची किंवा कसाऱ्याची वळणे त्यासाठी पुरेशी आहेत. पिंजरा पुढच्या सीटमागे पायांच्या जागेत घट्ट बसवावा, वर पातळ चादर टाकावी, हवा मात्र अडू देऊ नये. उचलताना मुठीला धरून हिंदकळत नेण्याऐवजी दोन्ही हातांनी तळापासून धरावा.

सर्वांत जोखमीचा क्षण सुरक्षा तपासणीचा. पिंजरा क्ष-किरण यंत्रातून जातो. मांजर त्यातून कधीही जाऊ नये, ते हातात घ्यावे लागते. घाबरलेले मांजर या क्षणी निसटले तर विमानतळावर ते सापडणे अवघड. म्हणून अंगाला नीट बसणारा हार्नेस आणि दोरी घरूनच घातलेली असावी, त्याचीही सवय आधी केलेली असावी, आणि बंद खोलीत तपासणी करण्याची विनंती करावी. अशी खोली मागितल्यावर मिळणे हे सध्या त्या वेळच्या कर्मचाऱ्यांच्या समजुतीवर अवलंबून राहते. प्राण्यांचे भाडे घेणाऱ्या कंपन्यांनी आणि विमानतळांनी ती सोय नियमातच लिहायला हवी. मोकळ्या रांगेत पिंजऱ्याची चेन उघडायला लावणे प्राण्याच्या आणि प्रवाशांच्याही हिताचे नाही.

केबिनमध्ये पिशवी सीटखाली, अंधारात, अर्धवट झाकलेली ठेवावी. मांजर ओरडले म्हणून चेन उघडू नये. जाळीजवळ हात ठेवणे, हळू बोलणे पुरते. चढता-उतरताना कानात दडे बसतात. थोडा ओला खाऊ चाटायला दिल्यास गिळण्याने ते सुटतात. प्राण्यांसाठी वापरला जाणारा सामानाचा कप्पा केबिनइतक्याच दाबाचा आणि तापमान राखलेला असतो. खरा धोका उड्डाणापूर्वी धावपट्टीवरील उन्हात ताटकळण्याचा. अमेरिकेच्या प्राणीकल्याण नियमांत कुत्र्या-मांजरांना चार तासांहून अधिक काळ सुमारे २९.५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम जागी ठेवता येत नाही. मे महिन्यातील नागपूरची दुपार त्याच्या कितीतरी पुढे जाते. म्हणून थेट विमान आणि पहाटेची किंवा रात्रीची वेळ निवडावी.

नव्या घरी पोचल्यावर सबंध घर एकदम मोकळे करू नये. एका शांत खोलीत लिटर, पाणी, खाणे, लपायला खोके आणि तीच न धुतलेली चादर ठेवावी. पिंजरा उघडा ठेवून दूर व्हावे. मांजर बाहेर येण्याची वेळ स्वतः ठरवते. ते मोकळेपणी खाऊ, अंग चाटू आणि कोपऱ्यांवर गाल घासू लागले की पुढची खोली उघडावी. काहींना दोन दिवस लागतात, काहींना दोन आठवडे. पहिला दिवस कमी खाणे स्वाभाविक आहे. पण सलग दिवसभराहून अधिक काळ काहीच न खाणे, विशेषतः लठ्ठ मांजराने, यकृताच्या गंभीर आजाराची सुरुवात ठरू शकते. ताणामुळे मूत्राशयाला सूज येते आणि बोक्यांमध्ये मूत्रमार्ग तुंबू शकतो. बोका वारंवार लिटरवर जाऊन कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच तासाला पशुवैद्यांकडे न्यावे. यासाठी नव्या गावातील रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा पत्ता तिकिटाबरोबरच लिहून ठेवलेला असावा.