जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

वडिलांच्या वेळची फियाट मोटार अंगणांत पडून आहे. ती मोडींत द्यावी कीं दुरुस्त करावी, हा प्रश्न आज पुष्कळ घरांत पडतो. हौस सर्वांस असते; पैका मात्र मोजका असतो, आणि एकत्र कुटुंबांत तो एकट्याचा नसतो. तेव्हां हें काम कोणत्या क्रमानें करावें, याचा विचार आम्ही या महिन्यांत करणार आहों.

ही गाडी १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ या नांवानें प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत होऊं लागली. १९७४ सालीं तिला चितोडच्या राणीचें ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिनें अनेक दशकें मुंबईची सेवा केली. ऑक्टोबर २०२३ मध्यें ती सेवा संपली.

देवालयाचा जीर्णोद्धार करतांना प्रथम कळसास मुलामा कोणी देत नाहीं; आधीं पाया पाहतात. मोटारीच्या बाबतींत मात्र सुजाण माणसेंही आधीं रंग देतात, आणि पैका तेथेंच संपतो. या गाडीस निराळा सांगाडा नाहीं; पत्र्याचा देह हाच तिचा सांगाडा होय. म्हणून पायाखालचें रबर उचलून तळाचा व दारांखालचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोंकानें टोंचून पाहावा. टोंक जागोजाग आरपार जाऊं लागलें, तर त्या गाडीस नमस्कार करून तिचा नाद सोडावा, हेंच बरें.

देह शाबूत असल्यास पहिल्या वर्षाचा पैका ब्रेकवर खर्चावा. मास्टर सिलिंडर, चाकांतील सिलिंडर, त्यांचीं रबरें व ब्रेक-ऑइलच्या नळ्या, हीं सर्व तपासून जीं निकामी असतील तीं बदलावीं. नक्षी शिल्लक असली तरी पडून राहिलेला टायर तडकतो, हें विसरूं नये. दुसऱ्या वर्षीं विजेच्या तारा व पेट्रोलच्या नळ्या घ्याव्या. उघडी तार व पाझरती नळी यांची गांठ पडली कीं आग लागते. इंजिन अवघें १०८९ घन-सेंटिमीटरचें व साधें आहे. परंतु तें फार दिवस बंद असल्यास एकदम सुरू करूं नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत थोडें ऑइल सोडावें, एक-दोन दिवस मुरूं द्यावें, आणि मग हातानें फिरवून पाहावें. रंग व गाद्या सर्वांत शेवटीं.

एका वेळीं एकच भाग खोलावा. सगळी गाडी एकदम खोलली म्हणजे पुर्जे डब्यांत जातात, डबे माळ्यावर जातात, मध्येंच मिस्त्री बदलतो, आणि कोणता पुर्जा कोठला हें सांगणारा कोणी उरत नाहीं.

कागदपत्रांचेंही पाहावें. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची. पुढें तपासणी होऊन ५-५ वर्षांनीं नूतनीकरण होतें. २०२१ च्या नियमांप्रमाणें ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांतील गाडीस ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. परंतु अशी गाडी नित्याच्या वापरास काढतां येत नाहीं. आजीस देवदर्शनास न्यावयाचें असेल, तर साधी नोंदणीच चालू ठेवावी.

शेवटीं पैक्याविषयीं. वर्षारंभीं घरांतील सर्वांसमक्ष, सुनांसह, एक रक्कम ठरवून ती वहींत लिहावी. ती संपली कीं काम थांबवावें. मुलांची फी व वृद्धांचें औषध थांबवितां येत नाहीं. मोटार इतकीं वर्षें थांबली आहे, ती आणखी एक वर्ष थांबेल.