चेहऱ्यावर कुणाचा हक्क?

खानदेशात तुळशीचं लग्न लागलं की जळगावपासून धुळ्यापर्यंत समाजासमाजांचे वधू-वर परिचय मेळावे सुरू होतात. मंगल कार्यालयाच्या दारातच जाडजूड परिचय सूची हातात पडते. नाव, शिक्षण, उंची, मामेकुळ, वडिलांची शेती, आणि त्याच रांगेत आणखी एक रकाना असतो : वर्ण. गोरा, निमगोरा, गव्हाळ, फार तर सावळा. 'काळा' हा शब्द मुलीच्या नावापुढे छापायला कुणी धजत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या, कापूस आणि केळीवर जगणाऱ्या या मुलखातल्या लेकी कागदावर एकजात उजळ कशा होतात? खरं लिहिलं तर फोन येणार नाही, हे आईबापांना ठाऊक असतं म्हणून. फोन आलाच तर पलीकडून पहिला प्रश्न येतो : "पोर कशी शे? गोरी शे का?" मुलगी काय शिकली, हे त्यानंतर विचारलं जातं.

हा प्रश्न साधा नाही. तो माणसाचं मूत्रपिंड निकामी करू शकतो. हे शब्दशः खरं आहे.

जळगावहून गाडीत बसलं की भुसावळ, मलकापूर, शेगाव मागे टाकून अकोला येतं. त्या अकोल्यात बायोटेक्नॉलॉजी शिकणारी वीस वर्षांची एक मुलगी चेहरा उजळण्यासाठी क्रीम लावत होती. क्रीम गावातल्याच ब्युटीशियनकडून घेतलेलं. काही दिवसांत रंग उजळला, लोक कौतुक करू लागले. ते पाहून आईने आणि बहिणीनेही तेच क्रीम लावायला घेतलं. २०२२ साल सरेपर्यंत तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज आली होती. एकाच घरातल्या तीन बायकांना एकच आजार कसा होतो, या कोड्याने डॉक्टर चक्रावले. अखेर मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ते क्रीम तपासलं तेव्हा त्यात पारा सापडला. आपल्या कायद्यानुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये अनवधानाने राहिलेला पारा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये. या क्रीममधला पारा त्या मर्यादेच्या कित्येक पट होता.

पारा काय करतो हे समजून घ्या, म्हणजे 'लावल्यावर फरक पडतो हो' या वाक्यातलं भय कळेल. त्वचेला रंग देणारं द्रव्य शरीरात तयार होत असतं, ते बनवणारी क्रियाच पारा रोखतो. म्हणून आठ-पंधरा दिवसांत चेहरा खरोखर उजळतो. क्रीम खोटं नसतं, ते काम करतं, आणि म्हणूनच शेजारीण ते शेजारणीला देते. पण तोच पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. मूत्रपिंडाची गाळणी फाटल्यासारखी होते, शरीरातली प्रथिनं लघवीवाटे वाहून जातात, पाय सुजतात, चेहरा फुगतो. केरळातल्या कोट्टक्कल इथल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी २०२१ ते २०२३ या काळात एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यातल्या १५ जणांमध्ये या विकाराचा क्वचित आढळणारा प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरं करणारं क्रीम वापरल्याचं कबूल केलं. केरळपासून अकोल्यापर्यंत डबी बदलली असेल, पण बाईला तिच्याच कातडीची लाज वाटायला लावणारा समाज सगळीकडे एकच होता.

पाऱ्याची डबी चोरवाटेने येते असं समजू. पण स्टेरॉइडची ट्यूब तर उजळ माथ्याने मेडिकलच्या काउंटरवरून मिळते. स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन या तीन औषधांचं मिश्रण त्वचारोगतज्ज्ञ वांगावर काही आठवड्यांपुरतं लिहून देतात, आणि तेही देखरेखीखाली. आपल्याकडे तेच मिश्रण मुली वर्षानुवर्षं पावडरसारखं लावतात. आधी चेहरा तुकतुकीत होतो. मग कातडी पातळ पडते, तिच्यातून लाल शिरा दिसू लागतात, पुरळ उठतं, गालावर लव वाढते, उन्हात गेलं की आग होते. घाबरून ट्यूब बंद केली तर चेहरा आणखी भडकतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. त्वचारोगतज्ज्ञांनी या चेहऱ्याला आजार म्हणून वेगळं नाव दिलं, इतके असे रुग्ण देशभर त्यांच्यासमोर येत होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. आज तुमच्या गल्लीतल्या दुकानात जाऊन विचारा, चिठ्ठी कोण मागतं ते. औषधशास्त्राची पदवी घेऊन काउंटरमागे बसलेल्या माणसाला ट्यूबमध्ये काय आहे हे नक्की कळतं. तो जाणूनबुजून विकतो. पार्लर चालवणारी बाई निदान अज्ञानाची सबब सांगू शकेल, त्याला तीही नाही.

डबी आणि ट्यूबनंतर आता शस्त्रक्रियेकडे वळू; पण शल्यविद्येशी माझं वैर नाही, हे इथेच सांगायला हवं. चेहरा दुरुस्त करण्याची एक विद्या मराठी मुलखातून इंग्लंडात गेली आहे. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुण्याजवळ एका विटा करणाऱ्या कारागिराने त्याच्या कपाळावरची कातडी वळवून नवं नाक बसवलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ती हकीकत चित्रासह छापली, आणि तीच वाचून पुढे १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने इंग्लंडात ती शस्त्रक्रिया केली. आपल्या काळात पंढरपुरात जन्मलेले डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेतून दरवर्षी भारतात येत आणि दुभंगलेल्या ओठांची मुलं, वेडेवाकडे व्रण घेऊन जगणाऱ्या मुली यांच्यावर फुकट शस्त्रक्रिया करत. अपघाताने चाकाच्या खुर्चीवर आल्यानंतरही त्यांनी ते थांबवलं नाही. कापलेलं नाक पुन्हा बसवणारी, जळालेल्या सुनेची छातीला चिकटलेली मान मोकळी करणारी ही विद्या आहे. चारचौघांत तोंड वर करून चालण्याचा हक्क ती माणसाला परत देते.

त्याच विद्येच्या नावावर आज जे चाललं आहे, ते तपासा. कपाळावरच्या आठ्या घालवायला बोटॉक्स, गाल भरायला फिलर, टक्कल झाकायला केसांचं रोपण. ही दुकानं मुंबई-पुण्यापुरती राहिली नाहीत, जिल्ह्याच्या गावांत फलक झळकतात आणि हप्त्यांची सोय असते. बोटॉक्स स्नायूंना तीन-चार महिने शिथिल ठेवतं, मग आठ्या परत येतात आणि पैसे पुन्हा मोजावे लागतात. फिलर चुकीच्या रक्तवाहिनीत गेलं तर डोळा जाऊ शकतो, हे फलकावर लिहिलेलं नसतं. मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांचा एक व्यावसायिक केसांच्या रोपणानंतर दगावला. २०२५ मध्ये कानपुरात दोन अभियंत्यांचे असेच मृत्यू उजेडात आले आणि ते रोपण करणारी व्यक्ती दंतवैद्य होती. यूट्यूब पाहून किंवा कार्यशाळेला बसून सौंदर्यशस्त्रक्रिया करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ मध्ये लेखी सांगावं लागलं. वैद्यकी किती घसरली, याचा दुसरा पुरावा नको.

पुरुषही या फासात आले, म्हणून आता तरी आपले डोळे उघडावेत. पस्तिशीतला शेतकरी मुलगा टक्कल पडलं म्हणून खचतो, कारण त्याला मुलगी मिळत नाही. का मिळत नाही? २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. त्याआधीच्या दशकात त्या ८८० होत्या. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सोनोग्राफीच्या खोलीत ज्यांना जन्म नाकारला, त्या मुली आज लग्नाच्या वयाच्या असत्या. मुली कमी झाल्या म्हणून मुलीची किंमत वाढेल असं कुणाला वाटलं असेल तर त्याने मेळाव्यात येऊन पाहावं. दलालाला पैसे मोजून परमुलखातली मुलगी आणायला तयार असलेलं घरही आधी फोटोच मागतं. बैलबाजारात दात पाहून वय ठरवतात, तसं आपण मुलीचा रंग आणि वय पाहतो.

वयाचं तर विचारूच नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत धुळे जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर दहा बायकांपैकी सुमारे चार जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं आढळलं. अशा मुलीचं पुढे काय होतं? सोळाव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी मूल, विशीत दुसरं. गरोदरपणात गालांवर वांग उठतात. घरातलं सगळं आटोपून उरलंसुरलं जेवायचं, म्हणून अंगात रक्त नाही. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता. रक्त कमी झालं की चेहरा ओढल्यासारखा फिका दिसतो, केस गळतात, बाई लवकर थकते. आणि ती तिशीत पोचली की घरचेच म्हणतात, 'किती म्हातारी दिसायला लागलीस!' तिला लोहाच्या गोळ्या, पोटभर भाकरी, डाळ, हिरवी भाजी आणि दुपारची तासभर झोप हवी असते. आपण तिला फेशियलचं पॅकेज देतो, वांगावर ब्लीच देतो. तिच्या चेहऱ्यावरचं तारुण्य कुणी खाल्लं याचा हिशेब घर कधीच मांडत नाही.

काही शहाणे म्हणतात, 'बायका स्वतःच्या हौसेने करतात, त्यात समाजाचा काय दोष?' हौस मला मान्य आहे. काजळ, गजरा, हातावरचं गोंदण, सणाला नवी साडी, यावर कुणीही आक्षेप घेऊ नये आणि बाईने आपल्या रूपावर प्रेम करावं. पण हौसेची गोष्ट एक दिवस राहिली तर छातीत धडधडत नाही. क्रीम संपलं म्हणून कॉलेजला न जाणारी मुलगी आणि केसांची मुळं पांढरी दिसू लागली म्हणून नातलगाच्या लग्नाला जायचं टाळणारी बाई हौशी नाहीत. त्यांना धाक आहे. तो धाक आपण घातला आहे, सासूने, नवऱ्याने, मावशीने, मैत्रिणीने, आणि मोबाइलमध्ये दिवसभर चमकणाऱ्या त्या चेहऱ्यांनी.

आपल्या समाजाला ही सवय जुनी आहे. नवरा मेला की बाईचं रूप काढून घ्यायचं, हा आपला धर्म होता. तिचे केस भादरले जात, ते कुणाला ती आवडू नये म्हणून. त्याविरुद्ध १८९० मध्ये कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत न्हाव्यांना संघटित केलं, आणि हातात वस्तरा असलेल्या त्या गरीब माणसांनीच विधवांच्या डोक्याला हात लावायला नकार दिला. त्याआधी आठ वर्षं, आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांच्या या मालकीला जाब विचारला होता. विधवांच्या अशा प्रथा बंद करण्याचा ठराव करायला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला २०२२ साल उजाडावं लागलं. पूर्वी रूप हिरावून घेतलं जाई, आज ते लादलं जातं, पण बाईने कसं दिसावं हे ठरवणारा हात तोच आहे. लोखंड्यांच्या न्हाव्यांनी जे केलं ते आजच्या मेडिकलवाल्यांना, ब्युटीशियनांना, त्वचेच्या डॉक्टरांना जमणार नाही का? आपल्या हातातली वस्तू बाईच्या अपमानासाठी वापरणार नाही, एवढं एकच वचन त्यांनी द्यावं.

आणि समाजाच्या मंडळांना सांगणं आहे. ज्यांचं नाव आपण विद्यापीठाला दिलं, त्या कवयित्री बहिणाबाई चौधरी आयुष्यभर शेतात राबल्या. त्यांच्या जिल्ह्यात तरी परिचय सूचीत वर्णाचा रकाना शोभत नाही. तो काढायला पैसा लागत नाही, कायदा लागत नाही, कार्यकारिणीच्या एका बैठकीतला ठराव पुरतो. मुलीच्या बापानेही, 'गोरी शे का?' असं विचारणाऱ्या स्थळाला फोन ठेवून देण्याची हिंमत दाखवावी. अन्न व औषध प्रशासनाने जळगाव-धुळ्याच्या बाजारातली, बनवणाऱ्याचा पत्ता नसलेली क्रीमं उचलून तपासावीत आणि निकाल स्थानिक वर्तमानपत्रांत छापावेत.

ज्या बहिणी हे वाचत आहेत त्यांना एकच विनंती. घरात अशी डबी असेल, तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर किंवा घटकांची यादी नसेल, तर ती आजच बंद करा. कुणी लहान मूल किंवा गरोदर बाई तिच्या संपर्कात येऊ देऊ नका. पाय सुजत असतील, लघवीला फेस येत असेल तर लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्या. ती तपासणी साधी आणि स्वस्त आहे. पाऱ्याचं क्रीम वेळीच थांबवलेले बरेच रुग्ण बरे होतात. स्टेरॉइडची ट्यूब वर्षानुवर्षं लावली असेल तर ती एकदम न टाकता त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने सोडा. आणि दवाखान्यात जाताना ती डबी, ती ट्यूब बरोबर न्या, लाजू नका, डॉक्टरांना दाखवा.